खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

मी एका कारागिराचं नाव मातीत घातलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कोणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको. नंतर ते नाव मातीतून वर काढायलाही गेले. त्यात काय दिवे लावले, तेही सांगणार आहे.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमच्या शेठचा गाळा होता. सिनेमा-मालिकांना लागणारी हत्यारं आम्ही बनवायचो. तलवारी, भाले, ढाली, आणि शेठकडे परवाना होता म्हणून नुसता जाळ नि आवाज काढणाऱ्या बंदुकासुद्धा. माझं काम फिनिशिंगचं. नवंकोरं लोखंड घ्यायचं आणि त्याला शंभर-दीडशे वर्षांचं करायचं. गंज चढवायचा, कडा बोथट करायच्या, मूठ अशी घासायची की तीन पिढ्यांनी हाताळल्यासारखी वाटली पाहिजे. घाटकोपरहून मेट्रोने यायचे, दिवसभर ॲसिडच्या वासात बसायचे, आणि मला वाटायचं की आपण या गाळ्यातल्या एकमेव कलाकार आहोत.

मिस्त्रींना तसं वाटत नव्हतं. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य कारागीर. पन्नाशी ओलांडलेले, मूळचे जालन्याकडचे, मुलुंडला राहायचे. लेथवर बसले की दोन-दोन तास मान वर नाही. बोलणं कमी, आणि जे असेल ते करवतीसारखं. एकदा मी तीन दिवस खपून एका संगिनीवर गंज चढवला. प्रॉडक्शनची माणसं बघायला आली होती, त्यांच्यासमोर मिस्त्रींनी ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले की हा गंज नाही, हा कांदाभजीचा रंग आहे. नुसतं म्हणून थांबले नाहीत. एमरी पेपर घेतला आणि माझे तीन दिवस खसाखसा घासून काढले. सगळे हसले. शेठ तर डोळे पुसत हसले. खरं सांगायचं तर मिस्त्रींचं बरोबर होतं, पण त्याने माझा राग कमी झाला नाही, उलट वाढलाच. बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त टिकतो.

त्याच सुमारास ते रिव्हॉल्व्हरचं काम आलं. गोऱ्या साहेबाच्या काळातली एक मालिका होती, आणि त्यांनी जुन्या घडणीची चार रिव्हॉल्व्हरं आणली होती. दिसायला झकास, चालवायला वैताग. त्या काळी काडतूस नव्हतं. चक्राच्या सहाही घरांत काळी दारू ठासायची, मागे ठिणगी पाडणाऱ्या टोप्या बसवायच्या, मग कुठे बार निघणार. एकेक भरेपर्यंत हिरो व्हॅनिटीत जाऊन झोपायचा. एवढं करून हवेत दमटपणा असला की सहातले तीन नुसते फुस्स. दिग्दर्शकाने वैतागून शेठला सांगितलं की याला आजच्या काळातली खोटी काडतुसं चालतील असं काहीतरी करा, दिसायला मात्र कणभर फरक नको.

मिस्त्रींनी ते काम असं घेतलं की जणू घरातलं लग्न आहे. दीड महिना दुसऱ्या कशाला हात लावला नाही. जुनी चक्रं बाजूला ठेवून त्यांनी नवी घडवली, मागून काडतूस सरकेल अशी, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळेल तर शपथ. शिवाय एक काम त्यांनी कोणी न सांगता केलं. नळीत पुढच्या बाजूला पोलादाचा अडसर बसवला, मधे एक बारीक भोक, फक्त जाळ बाहेर यावा एवढं. उद्या हे कोणाच्या हातात जाईल आणि तो यात काय भरेल, सांगता येत नाही, म्हणाले. खरी गोळी यातून कधीच बाहेर पडणार नाही, एवढं मी करून ठेवतो.

त्या भोकाची जाडी लक्षात ठेवा. अगरबत्तीची काडी बरोबर बसेल एवढी होती ती.

मिस्त्रींचा एक नियम होता. प्रत्येक वेळी भरण्याआधी नळीतून बारीक पितळी तार घालायची, आरपार जायला हवी, मग डोळा लावून उजेड बघायचा. उजेड दिसला तरच काडतूस. तार त्यांनी पेटीच्या झाकणाला दोऱ्याने बांधून ठेवली होती, म्हणजे कोणाला विसरायला वावच नको. आणि स्वतः तपासून पेटी बंद केली की वर चिकटपट्टी, त्यावर कागद: तपासलं, उघडू नये, खाली सही.

मालिकेचं गोळीबाराचं शूटिंग नेमकं दसऱ्याच्या दुपारी ठेवलं होतं. आणि दसऱ्याला मिस्त्री मुंबईत नसायचे. दरवर्षी ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, बापाबरोबर लहानपणापासून. शेठनेही त्या सुट्टीला कधी नाही म्हटलं नव्हतं. तसंच खंडेनवमीचं. आदल्या दिवशी आमच्या गाळ्यात सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची, मशीन बंद, पाटावर पकडी-कानशींपासून तलवारींपर्यंत सगळं मांडायचं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. मिस्त्री फार पूर्वी एकदाच म्हणाले होते की मी हे मानत नाही, माझ्या लेथला नि माझ्या पेट्यांना लावू नका. शेठने मान डोलावली होती. तेव्हापासून मिस्त्रींचा लेथ तेवढा बिनमाळेचा असायचा, आणि पेढे मात्र ते दोन दिवसांनी आल्यावर आवडीने खायचे. कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते माझं. कांदाभजी माझ्या डोक्यातून गेली नव्हती. नवमीला पहाटेच मिस्त्री गाडीत बसले होते. पाट मांडताना शेठच्या बायकोने सहज विचारलं की नवीन रिव्हॉल्व्हरं कुठायत, एवढी सुंदर झालीत म्हणे. मी म्हटलं, मिस्त्रींची पेटी आहे ना, ते मानत नाहीत. ती म्हणाली, असू दे मग. तिथे विषय संपला होता. मीच उठले. आधी त्यांच्या लेथला सगळ्यात जाड माळ घातली, मधोमध कुंकवाचा पट्टा ओढला. मग पेटीची चिकटपट्टी नखाने अलगद सोडवली, कागद न फाटू देता, आणि चारातलं सगळ्यात देखणं रिव्हॉल्व्हर काढून पाटाच्या मध्यभागी नारळाला टेकवून उभं केलं, नळी वर. आता येऊन करा काय करायचं ते, असं मनात म्हणत होते. अगरबत्तीचं घर सापडत नव्हतं, तेव्हा दोन काड्यांमधली एक केळ्यात खोचली आणि एक नळीच्या त्या भोकात. चपखल बसली. सगळे हसले, शेठही हसले, कोणीतरी फोटो काढून गाळ्याच्या ग्रुपवर टाकला. धूर सरळ वर जात होता, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, तेवढं बरं त्या गाळ्यात कधी वाटलं नव्हतं.

पूजेला ठेवलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी मी काडी ओढली तर वरचा जळका भाग हातात आला आणि बाकीची आतल्या आत मोडली. रिव्हॉल्व्हर उपडं करून तळहातावर आपटलं. थोडी राख पडली. म्हटलं, गेली असेल जळून. पुसून पेटीत ठेवलं, चिकटपट्टी तशीच्या तशी दाबून बसवली. वर मिस्त्रींची सही.

सेटवर पेटी घेऊन मीच गेले. तिथे हत्यारं बघायला प्रॉडक्शनचा एक माणूस होता. त्याने विचारलं, मिस्त्रींनी तपासलंय ना? मी कागद दाखवला. तो म्हणाला, मग प्रश्नच नाही. पेटी उघडली तेव्हा दोऱ्याला बांधलेली ती पितळी तार माझ्या मनगटावर आपटली. मी ती बाजूला केली. घाई होती, दिग्दर्शक ओरडत होता, ही कारणं मी पुष्कळ दिवस स्वतःला दिली. खरं कारण एवढंच, की मिस्त्रींचा नियम पाळायला माझा हात उठत नव्हता.

समोर शिपायाच्या वेषात एक ज्युनियर आर्टिस्ट होता, चाळिशीचा. हिरोने नेम बाजूला धरायचा, असं ठरलेलं असतं. हिरोला चेव आला, त्याने सरळ तोंडावर धरलं. बार झाला, जाळ झकास आला, कट म्हणाले, टाळ्याही पडल्या. शिपाई खाली बसला होता तो उठेना. त्याच्या उजव्या डोळ्यातून काडी बाहेर आली होती, दात कोरायच्या काडीएवढी.

तो डोळा गेला.

संध्याकाळी शेठचा फोन आला. एकच वाक्य बोलले: "ग्रुपवरचा फोटो काढून टाक, आणि सगळ्यांना काढायला सांग." का, कशासाठी, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फोटो गेला. रात्रीपर्यंत गोष्टही तयार झाली. मिस्त्रींनी नळी साफ करताना बांबूची काडी वापरली आणि ती आत राहिली. पोलिसांना तेच सांगितलं, प्रॉडक्शनलाही तेच. हिरोचं तर नावच कोणी घेतलं नाही, हिरोला कोण बोलणार. शेठचा परवाना वाचायला हवा होता, माझी कातडी वाचायला हवी होती, आणि मिस्त्री तेव्हा नागपूरहून गाडीत बसून घरी येत होते.

ते स्टेशनवरून थेट गाळ्यात आले, खांद्यावर पिशवी तशीच. आधी लेथसमोर उभे राहिले. माळ सुकली होती. मग पेटी उघडली, रिव्हॉल्व्हरं पोलिसांनी नेल्यामुळे रिकामी होती, आत बोट फिरवलं, बोटाला हळद लागली. कागद उजेडात धरून चिकटपट्टीच्या कडा बघितल्या. माझ्या कामातली खोट या माणसाला पहिल्यापासून दिसायची, तेव्हाही दिसली. शेठ, प्रॉडक्शनचा मॅनेजर, आम्ही सगळे उभे होतो.

"पेटी कोणी उघडली?" त्यांनी विचारलं, सगळ्यांना, पण बघत माझ्याकडे होते.

शेठ म्हणाले की पेटी पाटावर ठेवली होती, पण बंदच. मिस्त्रींनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"मी नाही उघडली," मी म्हटलं.

"बाई, माणसाचा डोळा गेलाय. नीट आठव आणि परत सांग."

"नाही उघडली म्हटलं ना. तुमच्या पेटीला कोण हात लावणार?"

मी हे तोंड वर करून म्हटलं. आवाजही चढवला. माझ्या आवाजावरून मलाच वाटलं की माझ्यावर केवढा अन्याय होतोय. शेठने चहा मागवला. मिस्त्रींनी पिशवी उचलली आणि गेले. पोलिसांच्या चकरा त्यांनी मारल्या, काम त्यांचं गेलं. बाकीच्या गाळ्यांतही कोणी उभं करेना. या धंद्यात बातमी फार लवकर फिरते, आणि नाव पडलं ते काडीमिस्त्री. आयुष्यात कधी तारेशिवाय नळीला हात न लावलेला माणूस, आणि नाव काडीमिस्त्री. सेटवर लोक म्हणायचे, पूजेला नाही म्हणाला, बसला फटका. हे माझ्यासमोर म्हणाले तेव्हा मी हसले होते. एकदा नाही, बऱ्याचदा.

त्या ज्युनियर आर्टिस्टला बघायला हॉस्पिटलमध्ये मी जायचे. पश्चात्ताप वगैरे म्हणू नका, भीती होती. त्याला काय काय आठवतंय ते बघायचं होतं. शहाळं घेऊन जायचे. तो निघाला आमच्याच बाजूचा, मालवणचा, बाप माझ्या आजोबांसारखाच गिरणीत होता. त्याची बायको मला बघितलं की म्हणायची, ये गो बाय, बस. बाकी कोणी फिरकलं नाही, प्रॉडक्शनवाले नाहीत, हिरो तर नाहीच, त्यामुळे मी त्यांच्या घरचीच झाले. एका दुपारी पट्टीखालून त्याने विचारलं की हे केलं कोणी. मी म्हटलं, आमच्या मिस्त्रीने, काडी आत विसरला. कोण, कुठला, असं विचारल्यावर जालन्याकडचा म्हटलं, आणि वर कोणी न विचारता म्हटलं की तो आपली पूजाबिजा मानत नाही. त्याला समजायचं ते समजलं. त्याने जो शब्द वापरला तो मी इथे लिहिणार नाही. मी त्याला थांबवलं नाही. शहाळ्यात स्ट्रॉ घालून हातात दिलं.

सहा वर्षं गेली. मिस्त्रींची जागा कोणीच भरली नाही. शेठने बंदुकांचं काम बंद केलं, मी दुसरीकडे लागले, आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत आणि त्यांच्या कामाला मी कांदाभजी म्हणते.

मग एकदा कांजूरमार्ग स्टेशनच्या बाहेर मिस्त्री दिसले. फुटपाथवर एक फळी, त्यावर कुकरची झाकणं, मिक्सरची भांडी, गॅसचे बर्नर. केस सगळे पांढरे. एका बाईचा बर्नर उजेडात धरून भोकं बघत होते. मी जवळपर्यंत गेले आणि तशीच पळून आले. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा समोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. माळ, पाट, अगरबत्ती, कागद, फोटो, सगळं. रडलेसुद्धा. ते बर्नर साफ करत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मला काय सांगतेस? डोळा त्याचा गेलाय. तो मला शिव्या घालत मरणार. त्याला सांग."

बास. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

मी गेले. त्या माणसाचं घाटकोपरचं घर पाइपलाइनच्या कामात पाडलं होतं आणि त्यांना माहुलला इमारतीत जागा दिली होती. रिफायनरीचा वास इतका की जिन्यातच डोकं धरतं. त्या वासात ते कुटुंब राहतंय. बायकोने दारातच मिठी मारली. मुलगा मोठा झालाय, त्याला हाक मारून म्हणाली की बघ, ती हॉस्पिटलवाली ताई. पोहे झाले, चहा झाला. मी म्हटलं मला काहीतरी सांगायचंय, आणि सांगितलं. न रडता, सरळ. पेटी मी उघडली. काडी मी घातली. तार मी फिरवली नाही. मिस्त्रींचा काही दोष नव्हता, त्यांना ओळखतही नसताना तुम्ही सहा वर्षं शिव्या देताय त्या माझ्या आहेत. ते बिचारे कांजूर स्टेशनबाहेर कुकर दुरुस्त करतात, जाऊन बघा काय हाल झालेत.

तो एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मग बायकोकडे बघून हसला.

"त्यानेच पाठवलंय हिला," तो म्हणाला. "काय दिलं गं तुला? का धमकी दिली?"

मी शपथ घेतली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर बायकोने माझाच हात धरला आणि म्हणाली की तुझ्या हातून असं होणारच नाही बाय, तू देवमाणूस. मी ओरडले. हो, ओरडले, की मी देवमाणूस नाही, मी खोटारडी आहे. त्यावर ती रडायला लागली, की बघा, त्या मेल्याने पोरीला काय करून ठेवलंय. मी जितकं सांगत गेले तितका मिस्त्री त्यांच्या डोळ्यासमोर अजून काळा होत गेला. ज्या बाईने शहाळं आणलं ती खोटं बोलते आणि ज्याने पूजा नाकारली तो खरा, हे त्यांना पटणारं नव्हतं. ते पटू नये याची सोय मीच करून ठेवली होती. जाताना त्यांनी मला डब्यात पोहे बांधून दिले. तो दारापर्यंत आला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "कांजूरला म्हणालीस ना? पूर्वेला की पश्चिमेला?"

मी म्हटलं, माहीत नाही. पण मुलगा मागे उभा राहून फोनवर काहीतरी बघत होता, आणि कांजूर स्टेशन काही एवढं मोठं नाही.

मिस्त्रींना सावध करायला त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. गेले नाही. काय तोंडाने जाणार होते? की सांगितलं, आणि त्याने विश्वास ठेवला नाही, आणि आता तो येईल? चार दिवस स्वतःला समजावलं की एवढं काही होणार नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा फळी नव्हती. तिथे दोन कुकरची झाकणं चेपलेली पडली होती. शेजारी हार विकणारी बाई बसते, तिने आपणहून सांगितलं की एक डोळा नसलेला माणूस आला होता, बरोबर दोन पोरं. तासभर आरडाओरडा केला, याने माझा डोळा काढला म्हणून सगळ्या स्टेशनला सांगितलं, भांडी लाथाडली, पोरांनी हातही उचलला. म्हाताऱ्याने खाली बसून सामान गोळा केलं आणि निघून गेला, परत आला नाही.

"गरीब माणूस होता हो," ती म्हणाली. "तुमच्या ओळखीचे का?"

"नाही," मी म्हटलं. "मी गिऱ्हाईक."